दोन्ही बाजूचे दात

९ फेब्रुवारी, रविवार

घरात चिडायला माणूस नाही म्हणून ही डायरी. शिवम, म्हणजे माझा नवरा, नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात वर्कशॉपला आहे. फोनवर चिडलं की म्हणतो, "पुनम, रेंज न्हाई." आत्याबाईंवर, म्हणजे सासूबाईंवर चिडलं की त्या उलट मलाच चहा करून देतात. आणि मामांवर, म्हणजे सासऱ्यांवर चिडायची या घरात पद्धत नाही.

आज बचत गटाची कटर मशीन घरी आली. पेट्रोलवर चालणारी, लाकूड कापायची, चेनवाली. लातूरच्या शिबिरात गटातल्या सगळ्याजणी हौसेनं गेलो होतो. तिथं मशीन सुरू केल्याबरोबर निम्म्या मागं सरकल्या, निम्म्या कानावर हात ठेवून बाहेर. शेवटी उरलो मी आणि सरजाबाई. सरजाबाई म्हणाल्या, "मी दोर धरीन, फांद्या वढीन, काय म्हनशील ते करीन. ती भिंगरी हातात घेनार न्हाई." म्हणजे चालवायची मी.

मशीन ओसरीत ठेवली. मामा आले. खाली बसून तिच्यावरनं हात फिरवला, चेनीच्या दातावर अंगठा ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला. मला वाटलं आता चांगलं काहीतरी बोलतील. म्हणाले, "बाईच्या जातीनं कशाला असला धंदा?" आणि उठून आत गेले.

पूर्वी मुरुडच्या अलीकडच्या सगळ्या वस्त्यांवरची कुऱ्हाड-कोयता धारेला किशनरावांकडं, म्हणजे मामांकडं यायचा. आता कुणी आलं तर "जमत न्हाई" म्हणून परत लावून देतात. वय झालं की माणूस असा आडमुठा होतो का, कोण जाणे.

१२ फेब्रुवारी

पहिलं काम. अण्णारावांच्या बांधावरची वेडी बाभूळ.

जाळीचं हेल्मेट, कानावर झाकणं, चामडी हातमोजे, बूट आणि ती जाड पँट. शिबिरात सांगितलं होतं, पँटीत आत धाग्यांचे थर असतात, चेन लागली की धागे गुंतून मशीन थांबते. बांधावर बसलेल्यांना त्याचं काय? "सूनबाई चंद्रावर निघाल्या," एकजण म्हणाला. सगळे हसले. अण्णारावही हसले.

मशीन खाली टेकवली, ब्रेक पुढं ढकलला, मागच्या मुठीत बूट रोवला, दोरी ओढली. सुरू होईना. ओढ ओढ ओढली. पेट्रोलचा वास यायला लागला. चोक बंद करायचाच विसरले होते. तोवर अण्णारावांनी गड्याला कुऱ्हाड आणायला पाठवलं होतं.

मग सुरू झाली. बाभळीचा भुसा जाड, चुऱ्यासारखा उडाला. धार असली की असाच चुरा उडतो, बोथट झाली की पीठ पडतं. कुऱ्हाड घेऊन गडी आला तेव्हा झाड खाली पडलं होतं. मग कुणी हसलं नाही, पण कुणी काही बोललंही नाही. मला एवढा राग आला की घरी येईपर्यंत हेल्मेट काढलं नाही.

१६ फेब्रुवारी

कापणं सोपं आहे. नंतरचं काम जीव घेतं. झाकण काढून आतला चिकट भुसा काढा, हवेची जाळी झटका, चेनीचा ताण बघा. ताण असा पाहिजे की चेन ज्या पट्टीवरून फिरते तिच्याखाली लोंबायला नको आणि हातानं ओढली तर फिरायला हवी. आणि मग धार. गोल कानस घ्यायची आणि एकेक दात, सारखा कोन, सारखे हात. आधी एका बाजूचे सगळे, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. एकही चुकवायचा नाही.

सरजाबाईंना म्हणाले, "हे घासायचं काम कुणीतरी घेतलं तर मी जन्मभर झाडं कापीन. मनगटं अशी दुखतात की रात्री पोळी लाटवत नाही." मामा शेजारीच बाजेवर पडून होते. वाटलं एखादा शब्द बोलतील, धारेतलं त्यांच्याएवढं कुणाला कळतं? कूस बदलली.

वर आणखी एक. चेनीच्या तेलाचा डबा त्यांच्या पायानं उलटला. "कुनी ठिवला ह्यो मधी?" म्हणून माझ्यावरच आवाज. डबा मधे नव्हता. खांबाला लागून होता, नेहमीच्या जागी.

२१ फेब्रुवारी

कामं येऊन राहिली आहेत. सुबाभूळ, वाळकी आंब्याची झाडं, एका विहिरीवरची बाभूळ.

पण ही निगराणी कशासाठी? मी आसपासच्या शेतात असले की मामा वस्तीच्या तोंडाला येऊन उभे. सरजाबाई सांगतात, मशीन चालू असेपर्यंत म्हातारा लिंबाखाली बसून असतो आणि आवाज बंद झाला की काठी टेकत रस्त्यावर येतो. आज मी समोरून चालत गेले, पार चार हातांवर, तर म्हणतात, "कोन हाय?" मी म्हणाले, "मीच, दुसरं कोण?" तर "हां" म्हणून माघारी फिरले. एवढा राग का माझा? हेल्मेट काखेत होतं, तोंड झाकलेलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी

आज चेनीनं छळलं. सरळ कापायला लावली की लाकडात वाकडी जाते, चंद्रकोर काढते. ताण बघितला, पट्टी उलटी करून लावली, काही फरक नाही. भुसा अर्धा चुरा, अर्धं पीठ. या चेनीचं मला काही कळेना. काल थकून न घासता ठेवली होती, वाटलं सकाळी बोथट असणार. तर धार होती. फक्त एकीकडं ओढत होती.

आत्याबाईंचं वेगळंच. "पोरी, वसरी झाडताना लोखंडाचा चुरा पायात टोचतोय गं रोज सकाळी." मी तर संध्याकाळीच झाडून घेते. तसं सांगितलं तर लगेच म्हणाल्या, "बरं बरं, आसू दे. चहा घेतीस?"

२८ फेब्रुवारी

लातूरला गेले, जिलानीभाईंच्या दुकानी. पंप, फवारणी यंत्रं, कटर सगळं दुरुस्त करतात. शिबिरात शिकवायला तेच होते. चेन दिव्यासमोर धरून एकेक दात सरकवत गेले.

"बाई, ही दोघं मिळून घासता का?"

"नाही हो. मी एकटीच."

"मग तुमच्या डाव्या अन् उजव्या हाताचं भांडण हाय. हे बघा, ह्या बाजूचे दात झिजून आखूड. त्या बाजूचे लांब. त्यातबी एखादा दोनदा घासलाय, एखादा कोराच राह्यलाय. जिकडचे दात जबर, तिकडं मशीन ओढती."

सगळ्यात आखूड दाताएवढे बाकीचे करून दिले. मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, "खामखा घाबरवत न्हाई, पण ऐका. वाकडी गेली की पट्टी लाकडात फसती. फसली की माणूस चिडून वढतो. वढलं की मशीन अंगावर येती. फसली तर आधी बंद करायची, पाचर ठोकून काढायची. चिडायचं नाही."

चिडायचं नाही! माझ्या घरी या एकदा, भाई.

एसटीत सगळा रस्ताभर आठवत होते, मी दात कधी चुकवले? मी तर मोजून घासते. बहुतेक थकवा. स्वतःचाच राग आला.

७ मार्च

परत तेच. एका आठवड्यात परत एकीकडं ओढायला लागली. मी डोळ्यांत तेल घालून घासते आहे. शिवमला फोनवर सांगितलं, एका बाजूचे दात आपोआप झिजतात म्हणून. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा काय करतेत सकाळी?" मी म्हणाले, "बाबांचं काय मधेच? मी चेनीचं सांगून राहिले." तर म्हणे, "न्हाई, सहज. होळीला येतो, मग बोलू." याच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

१२ मार्च

डावखुऱ्यासारखं लिहिते आहे, बसायला नीट येत नाही.

अण्णारावांच्या गोठ्यावर लिंबाची मोठी फांदी मोडून टेकली होती. एक टोक खोडाला, एक पत्र्यावर, मधे ताण. अशी फांदी खालून थोडी चिरून मग वरून कापायची असते. तसंच केलं. पण वरून लावल्याबरोबर चेन ओढायला लागली, काप वाकडा गेला आणि पट्टी गच्च बसली. बंद करायला पाहिजे होती. माहीत होतं. अण्णाराव खालून म्हणत होते, "होळीच्या आधी गोठा मोकळा पायजे म्हनलं हुतं ना? गडी लावला असता तर सकाळीच झालं असतं."

मी रेस सोडली नाही. हिसका दिला.

सुटली ती सरळ खाली आली, मांडीवर. आवाज एकदम बंद. आधी वाटलं, पाय गेला. बघितलं तर पँटीतून पांढरे धागे, पिंजलेल्या कापसासारखे, चेनीत गुंडाळलेले, आणि मशीन ठप्प. खाली गुडघ्याजवळ, पँटीचा थर वर सरकला होता तिथं, रक्त. सरजाबाईंनी पदर फाडून बांधला. पूर्ण रस्ता त्या अण्णारावांना शिव्या देत होत्या. मुरुडच्या दवाखान्यात टाके घातले. डॉक्टर म्हणाले, पँट नसती तर इथं आला नसता, थेट लातूर, आणि तेही वेळेत पोचलात तर.

घरी सांगितलं, काटा लागला.

१३ मार्च

दुपारी पडल्या पडल्या मशीन जवळ ओढली, धागे काढले, चेन सोडवली. उजेडात धरली. काल सकाळी कामाला निघण्याआधी मी घासलीच नव्हती, तरी एका बाजूच्या दातांवर ताजी चमक. नव्या कानशीची. मी जसा कोन धरते तसा नाही.

ही माझी घासणी नाही.

या घरात कानस धरता येणारं दुसरं माणूस एकच आहे.

म्हणजे पहिल्या दिवसापासून! "बाईच्या जातीनं." रोज उठून माझी चेन बिघडवायची, मी कंटाळून सोडावी म्हणून! मला काही झालं असतं तर? घरच्या माणसानं? आज शिवम येणार होता, आला नाही, सुट्टी मिळाली नाही म्हणे. बरं झालं. उद्या सकाळी मी स्वतः विचारते. पद्धत गेली खड्ड्यात.

१४ मार्च, धुळवड

फटफटलं तेव्हाच उठले. टाके ठणकत होते, त्यामुळं झोप नव्हतीच. ओसरीत कानशीचा आवाज.

मामा कडेला बसले होते, मशीन दोन गुडघ्यांत धरून. डाव्या अंगठ्यानं दात शोधायचा, उजव्या हातानं कानस टेकवायची. आणि मान वर. चेनीकडं नाहीच, लिंबाच्या शेंड्याकडं. आंधळी माणसं अशी मान धरतात. ओठ हलत होते, मोजत होते. एक दात सुटला तो त्यांना कळला नाही. पुढचा दोनदा घासला. मशीन फिरवून दुसऱ्या बाजूला आले की हात अवघडत होता, कानस दातावरून घसरत होती, तरी मोजणं तसंच चालू.

मी अगदी पुढ्यात उभी होते.

"केवळा?" मामांनी आत्याबाईंचं नाव घेतलं. "चहा ठिव. पोरगी उठायच्या आत व्हाय पायजे. मनगटं दुखतेत म्हनत हुती."

मी आत गेले. चहा केला, त्यांच्या उजव्या हाताशी आणून ठेवला आणि परत आत आले. त्यांना आत्याबाईच वाटल्या.

पोरं रंग घेऊन आली तर त्यांना ओरडून हाकललं. का ते माहीत नाही.

१५ मार्च

आत्याबाईंना स्वयंपाकघरात धरलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मोतीबिंदू हाय," त्या म्हणाल्या. "एका डोळ्यानं तर कायच न्हाई. शिवमला बी ठावं हाय. म्हनले, सुनंला कळलं तर बघ. डोळं गेलं म्हनलं की मानूस खाटंवरचा झाला, मग त्याला कोन इचारतंय?"

"आणि मी मरत होते!" मी साडी वर करून टाके दाखवले.

त्या मटकन खाली बसल्या. मग माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "त्येंना सांगू नको गं. त्येंच्या हातानं झालं म्हनून कळलं तर त्ये जगायचे न्हाईत."

शिवमला फोन केला. पाच मिनिटं मीच बोलले. शेवटी तो म्हणाला, "मला वाटलं ते नुस्तं हात फिरवत असतील." सगळ्यांना सगळं वाटत होतं, कळत होतं. मशीन कोण धरून होतं? मी.

२० मार्च

दवाखान्याचं नाव काढलं की मामा भडकतात. "मला चांगलं दिसतंय. तू हिरवी साडी नेसलीस." मी पिवळा ड्रेस घातलेला.

आत्याबाईंनी नातेवाईकांची उदाहरणं दिली, शिवमनं फोनवर समजावलं. शिवमचा फोन त्यांनी अर्ध्यात माझ्या हातात दिला. सकाळी परत कानशीचा आवाज. पायाचं निमित्त आहे म्हणून काम बंद आहे माझं, पण किती दिवस? घासू नका म्हणावं तर का ते सांगावं लागतं. सांगावं तर आत्याबाई डोळ्यांत पाणी आणतात. मशीन लपवून ठेवली तर मामा दिवसभर घरात चाचपडत फिरले, "मशीन कुठं गेली? चोरी झाली काय?" परत आणून ठेवली. या घरात खरं बोलायला जागाच नाही.

२३ मार्च, रविवार

आज बोलले. अर्धंच बोलले, पण बोलले.

चेन त्यांच्या हातात दिली. "मामा, ही सकाळी कोण घासतं ते मला माहीत आहे."

त्यांनी चेन मांडीवर घेतली. मग हळूच, "धार बसती का चांगली?"

एवढ्या आशेनं विचारलं की माझं ठरवलेलं सगळं भाषण गेलं.

"धार बसते," मी म्हणाले. "पण एका बाजूचे दात लांब राहतात. मग ती ओढते. मला धरवत नाही."

"किती लांब?" अंगठा चेनीवर फिरायला लागला. या दातावर, त्या दातावर. कळत होतं त्यांना. चेहरा उतरला.

"मला एकटीला घासणं होत नाही, मामा. मनगटं खरंच जातात. तुम्ही घासा. पण बघून घासा. नाहीतर मी मशीन गटाला परत करते."

"माझ्या डोळ्यापायी धंदा बंद करतीस?"

"हो."

"लई हट्टी हायस."

मी म्हणाले, "या घरात आल्यावर झाले."

मामा उठून आत गेले. मला वाटलं संपलं, आता महिनाभर बोलायचे नाहीत. तर पटका बांधून बाहेर आले. "लातूरची गाडी किती वाजता हाय?" रविवारी दवाखाना बंद असतो हे सांगून त्यांना परत बसवलं. त्यावरही चिडलेच.

३ एप्रिल

काल ऑपरेशन झालं, एका डोळ्याचं. आज पट्टी काढली आणि काळा चष्मा दिला. एसटीत खिडकीशी बसले आणि लातूरपासून मुरुडपर्यंत रस्त्यावरची एकूण एक पाटी मोठ्यानं वाचली. टायर पंक्चर. चप्पल मार्ट. शुभ विवाह. येथे लघवी करू नये. सगळी गाडी आमच्याकडं बघत होती. मी दोनदा "हळू" म्हणाले. ऐकलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

दुपारी ओसरीत बसून मशीन साफ करत होते. उद्यापासून काम सुरू. नवी चेन लावायची होती. घरात जुनी सलवार घातली होती, ती गुडघ्यापर्यंत वर घेतलेली. लक्षातच आलं नाही.

मामा पलीकडून येऊन थांबले. काळा चष्मा काढला.

"ह्ये काय?"

"काटा," मी म्हणाले आणि सलवार ओढली.

"काटा आसा आसतोय व्हय?"

ते खाली बसले. खुंटीला ती फाटकी पँट लटकत होती, धागे बाहेर आलेली. उठून तिथं गेले, ती खाली घेतली, फाटल्या जागेत बोटं घातली. नंतर जुनी चेन घेतली आणि उजेडाला धरून दात बघत बसले. एका बाजूचे. मग दुसऱ्या बाजूचे. खूप वेळ. आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावलेला. मला वाटलं आता ते विचारतील, आणि मी खोटं बोलेन, आणि त्यांना ते कळेल.

विचारलं नाही. चेन खाली ठेवली. कानस उचलली, धोतरानं पुसली आणि माझ्यापुढं ठेवली.

"तूच घासत जा," म्हणाले. "मी बगत बसतो."

"मनगटं दुखतात माझी."

"दुखू दे."

आणि खरंच बघत बसले. माझ्या खांद्याशी, श्वास लागेल एवढ्या जवळ. नव्या चेनीला धार लावावी लागत नाही, म्हणून जुनीच घ्यायला लावली. "ह्यो बारीक झाला. कोपर वर का घेतीस? परत." दोन दात झाले की तिसऱ्याला चूक. "सारखा हात. आता मोज. मोठ्यानं मोज." ऊन ओसरीतून उतरून अंगणात गेलं, गुरं परत आली, आत्याबाईंनी दोनदा चहा आणून ठेवला आणि दोन्ही वेळा गार झाला. एवढा संताप आला होता की कानस फेकून द्यावी वाटलं.

शेवटचा दात झाल्यावर मी चेन त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा लावला नाही. डोळ्याजवळ धरली, लांब धरली, परत जवळ.

"सारखे झाले," म्हणाले, आणि चष्मा घालून भिंतीकडं तोंड करून बसले.